सांगणारी आणि ऐकणारे : हंसा वाडकर यांच्या आत्मकथनाचे एक वाचन

औरंगपुऱ्यातील एका पुस्तकांच्या दुकानात आत्मचरित्रांच्या फळीवर दोन पुस्तके शेजारी शेजारी उभी असलेली मी पाहिली. एक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आणि दुसरे हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’. दुकानदाराने त्यात काही अर्थ योजला असेल असे नाही. पुस्तकांची उंची सारखी, एवढेच कारण असावे. परंतु ही शेजारणींची जोडी माझ्या मनातून गेली नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठी ख्रिस्ती माणसाचे अभिमानाचे धन आहे. आपला पंथ कोणताही असो, ते पुस्तक आपण मुलांच्या हाती निःशंकपणे देतो. दुसरे पुस्तक मात्र आपल्या घरांत सहसा येत नाही, आणि आलेच तर कपाटाच्या आतल्या बाजूस राहते. एका चित्रपट-नटीने मद्य, परपुरुष, मोडलेला संसार यांविषयी केलेले निवेदन श्रद्धावंत वाचकाने का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक योगायोग नमूद करतो. 29 जून 1936 रोजी पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयीचे ‘विजिलांती कुरा’ हे विश्वपत्र प्रसृत केले. या नव्या माध्यमाची अफाट शक्ती ओळखून ख्रिस्तसभेने जागरूक राहावे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी मुंबईत रतन साळगावकर नावाची तेरा वर्षांची एक मुलगी ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून हंसा वाडकर या नावाने प्रथम पडद्यावर आली. विश्वपत्राची चिंता प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या आत्म्याची होती : अंधारात बसलेल्या तरुणाचे, बालकाचे काय होईल? ती चिंता अस्थानी नव्हती. परंतु जी मुलगी दिव्यांच्या झोतात उभी आहे तिचे काय होईल, हा प्रश्न विचारला जायला आणखी काळ जावा लागला. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘इंतेर मिरिफिका’ या आदेशपत्रात लेखक, नट, निर्माते यांच्याही नैतिक जबाबदारीचा उल्लेख केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1966 मध्ये, त्या मुलीने स्वतःच आपली हकीकत सांगितली.

हंसाबाईंचा जन्म 1923 चा. घराण्याचे नाते कोकणातील कलावंतिणींच्या परंपरेशी. घरात गाणे होते, पण पैसा नव्हता. मुलीच्या कमाईवर घर चालू लागले आणि एकदा चालू लागल्यावर ते तसेच चालत राहिले. किशोरवयातच लग्न झाले; तेव्हा तिला वाटले की आता कॅमेऱ्यासमोरचे काम सुटेल व आपण चारचौघींसारखा संसार करू. ते घडले नाही. माहेरच्या जागी सासर आले आणि कमाईचा ओघ दुसऱ्या दिशेने वाहू लागला, इतकेच. बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’ व ‘दुर्गा’ या 1939 मधील हिंदी चित्रपटांत तिने काम केले. 1941 मध्ये ‘प्रभात’ने तिला ‘संत सखू’मध्ये नायिका केले. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने ती महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली. ‘संत जनाबाई’, ‘पुढचं पाऊल’ हे पुढचे टप्पे. 1959 मध्ये अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’त तिने काम केले. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो 131 आठवडे चालला. तमाशाच्या फडावरून गावच्या पाटलाचे पाप गावासमोरच उघडे पाडले जाते, असे त्याचे कथानक. आत्मकथनासाठी तेच नाव योजण्यात मोठे औचित्य होते.

हे कथन श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’मधून 1966 साली प्रसिद्ध झाले. शब्दांकन अरुण साधू यांचे. ते तेव्हा तरुण पत्रकार होते, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या अजून व्हायच्या होत्या. 1970 मध्ये राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने काढले, आणि पुढच्याच वर्षी, 1971 च्या ऑगस्टमध्ये, हंसाबाई निवर्तल्या. वय अवघे अठ्ठेचाळीस.

मराठीत नटींची आत्मकथने कमी नाहीत. शांता आपटे यांनी 1940 सालीच ‘जाऊ मी सिनेमात?’ असा प्रश्न विचारून नवख्या मुलींना या धंद्याचे अंतरंग दाखवले होते. दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे प्रतिष्ठित घरातून आलेल्या कर्त्या स्त्रीचे संयत निवेदन आहे. शांता हुबळीकरांच्या ‘कशाला उद्याची बात’मध्ये वार्धक्यातील एकाकीपणाचे चटके आहेत. या सर्वजणी कमीअधिक प्रमाणात आपली बाजू मांडतात, आणि त्यात गैर काही नाही. हंसाबाईंच्या निवेदनाचा विशेष असा की तिथे बाजूच नाही. त्या स्वतःची वकिली करत नाहीत. दारूचा पहिला घोट, सिगारेटची सवय, संतापाच्या भरात सोडलेले घर, हे सर्व त्या बाजाराची यादी सांगावी तसे सांगतात. कुठे हुंदका नाही, कुठे दोषारोपाची लांबलचक फैर नाही. पतीविषयीसुद्धा द्वेषाने भरलेले असे पान क्वचितच आढळेल. वाचक चिडतो, निवेदिका चिडत नाही. या अंतरातच पुस्तकाचे सामर्थ्य आहे.

या निरलंकृतपणाचे श्रेय कोणाचे? बोलणारी एक, लिहिणारा दुसरा. अशा पुस्तकात शब्द कोणाचा आणि विराम कोणाचा हे ठरवणे अवघड असते. तथापि वाक्ये आखूड आहेत, घटनेवरून घटनेवर उडी मारण्याची बोलणाऱ्याची रीत कायम आहे आणि पुस्तकी उपदेश कोठेही घुसडलेला नाही. यावरून असे म्हणता येईल की शब्दांकनकाराने आपल्या कामाची मर्यादा ओळखली. ऐकणाऱ्याने मध्ये न बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे. प्रायश्चित्त संस्काराच्या पेटीत बसणाऱ्या आम्हा मंडळींना ते चांगले ठाऊक आहे.

येथे मूळ प्रश्नाकडे येतो. हे पुस्तक पापनिवेदन आहे काय?

ख्रिस्ती वाचकाला अशा वेळी संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाबा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या त्या ग्रंथात आरंभापासून अखेरपर्यंत संबोधन परमेश्वराला आहे. मनुष्यवाचक केवळ बाजूला उभा राहून ऐकतो. म्हणून तेथे प्रत्येक पापाला प्रार्थनेची जोड मिळते, प्रत्येक चुकीचा अर्थ मागाहून उलगडतो. हंसाबाईंच्या निवेदनात ‘तू’ नाही. त्यांनी हाक मारली आहे ती लोकांना. शीर्षकातील दोन क्रियापदांपैकी एक त्यांचे आहे, दुसरे आपले. ऐका, असे त्या सांगतात. क्षमा करा, असे म्हणत नाहीत. पापनिवेदनाला पश्चात्ताप हवा, निश्चय हवा, प्रायश्चित्त हवे. त्या मोजपट्टीने मोजले तर हे पापनिवेदन नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु ऑगस्टीनचाच ग्रंथ आणखी एक गोष्ट दाखवतो. जिच्याबरोबर ते अनेक वर्षे राहिले, जिच्यापासून त्यांना अदेओदातुस हा पुत्र झाला, त्या स्त्रीला विवाहाच्या व्यवहारासाठी दूर करण्यात आले आणि ती आफ्रिकेला परत गेली. आपले हृदय रक्तबंबाळ झाले असे संत लिहितात. पुन्हा दुसऱ्या पुरुषाला न जाणण्याची तिने शपथ घेतली, हेही सांगतात. पण तिचे नाव सांगत नाहीत. जगातील सर्वांत थोर कबुलीजबाबात ती बाई निनावी आणि मुकी राहिली. तिने जर आपली हकीकत कोणाला सांगितली असती, तर ती कशी वाचली असती? ‘सांगत्ये ऐका’ वाचताना मला पुनःपुन्हा त्या निनावी स्त्रीची आठवण होते. पुरुषाच्या परिवर्तनाच्या कथेत जी एक पायरी असते, तिने तोंड उघडले तर अशीच काही आखूड, कोरडी वाक्ये ऐकू येतील.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मरणप्राय पाप घडण्यासाठी तीन अटी लागतात असे आपल्याला धर्मशिक्षणात शिकवले जाते : बाब गंभीर असली पाहिजे, तिची पूर्ण जाणीव असली पाहिजे आणि कृती स्वेच्छेने दिलेल्या संमतीने घडली पाहिजे. हंसाबाईंचे पुस्तक या तिसऱ्या अटीचा अभ्यास म्हणून वाचावे. तेरा वर्षांच्या मुलीची संमती कोणती? जिच्या कमाईवर प्रथम माहेर व मग सासर जगते, तिची इच्छा कोठे सुरू होते आणि कोठे संपते? गंमत अशी, खरे तर खेदाची बाब अशी, की निवेदिका स्वतः हा भेद करत नाही. जे तिने केले आणि जे तिच्यावर केले गेले, ते दोन्ही ती एकाच सुरात, एकाच ओळीत सांगते. जणू दोहोंचा भार तिच्याच खात्यावर. तो भेद करण्याचे काम वाचकावर येऊन पडते. येथेच हे पुस्तक वाचकाची परीक्षा घेते.

मराठवाड्यातील वाचकाला तर या परीक्षेतून सुटका नाही. घर सोडल्यानंतर हंसाबाई एका श्रीमंत जमीनदाराबरोबर गेल्या आणि मराठवाड्यातील त्याच्या खेड्यात सुमारे तीन वर्षे राहिल्या. त्या घरात आधीच्या बायका होत्या. बाहेर पाऊल टाकण्यास मनाई होती. अवघ्या महाराष्ट्राने जिला पडद्यावर पाहिले, ती आपल्या भागातील एका वाड्यात भिंतीआड होती. अखेर पती पोलिसांना घेऊन आला आणि सुटका झाली. परंतु त्या सुटकेच्या वाटेवरही कायद्याचा अधिकार हाती असलेल्या एका पुरुषाने तिच्यावर अत्याचार केला. हे सर्व ती किती थोड्या शब्दांत सांगते! तो प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आलो. आपण काही चुकीचे वाचले की काय, असे वाटले.

आता ‘संत सखू’ आठवावा. कराडच्या सखूला पंढरीला जायचे होते. सासरच्यांनी तिला खांबाला बांधून ठेवले. तेव्हा विठ्ठलाने तिचे रूप घेतले, तिच्या जागी स्वतःला बांधून घेतले आणि तिला वारीला धाडले, अशी कथा आहे. परमेश्वराने दीनाच्या जागी स्वतः उभे राहावे, ही कल्पना ख्रिस्ती मनाला परकी नाही. आपल्या तारणाचा गाभाच तो आहे. अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी ती सखू पडद्यावर उभी केली. पुढे खऱ्या आयुष्यात जेव्हा बांधले जाण्याची पाळी आली, तेव्हा त्यांच्या जागी उभे राहायला कोणी आले नाही. हंसाबाईंनी हा संबंध पुस्तकात जुळवून दाखवलेला नाही, आणि तेच बरे. पण ज्या समाजाने सखूची भूमिका पाहून डोळे पुसले, त्याच समाजाने ती भूमिका करणाऱ्या बाईविषयी कुजबुज केली, हे वाचकाला विसरता येत नाही. संत स्त्रीची भूमिका करणारीकडून आपण संतत्वाची अपेक्षा ठेवतो. तमाशातील नाचीची भूमिका करणारीला आपण नाचीच समजतो. दोन्हीकडे माणूस दिसत नाही, तो नाहीच.

1977 मध्ये श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधारे ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला. नायिकेच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथाही गौरवली गेली. चित्रपट श्रेष्ठ आहे यात शंका नाही. भूतकाळाला एक रंग, वर्तमानाला दुसरा, ही योजना आठवणीच्या स्वभावाला धरून आहे. बाविशीच्या आतबाहेरच्या स्मिता पाटील यांनी उषा या नायिकेची वाढती थकावट ज्या ताकदीने दाखवली, ती पाहून मन स्तिमित होते. 1986 मध्ये वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचाही अंत झाला, हे आठवून आज तो अभिनय अधिकच चटका लावतो.

तरीही पुस्तक आणि चित्रपट यांत एक मूलभूत अंतर आहे. चित्रपटातील उषा स्वतःचा शोध घेणारी आधुनिक स्त्री आहे. एकामागून एक पुरुष पारखून ती अखेरीस हॉटेलच्या खोलीत एकटी बसते, आणि त्या एकटेपणाला दिग्दर्शकाने स्वातंत्र्याची छटा दिली आहे. पुस्तकातील हंसाबाईंना स्वातंत्र्याचे इतके आकर्षण नव्हते. त्यांना घर हवे होते. साधे, मुलाबाळांचे, ज्यात नवरा कमावून आणतो असे घर. ही मागणी आजच्या वाचकाला जुनाट वाटेल. पण ती त्यांची होती, आणि ती नाकारली गेली हीच त्यांची शोकांतिका. सुटकेच्या वाटेवरील त्या अत्याचाराचा प्रसंगही चित्रपटाने गाळला आहे. कलेच्या सोयीसाठी असेल, सेन्सॉरच्या भयाने असेल. परंतु त्यामुळे कथेतील दोष केवळ घरातल्या पुरुषांपुरता राहतो. पुस्तकात मात्र तो दोष कचेरीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे, असे मी म्हणेन.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. कालक्रम अनेक ठिकाणी गोंधळलेला आहे. माणसे येतात, जातात; पुष्कळांची नावे कळतात, चेहरे कळत नाहीत. सर्वांत मोठी उणीव अशी की अभिनयाविषयी त्यांनी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. ‘रामजोशी’तील नृत्यांमागे किती मेहनत होती, सखू कशी समजून घेतली, याचे दोन शब्द मिळाले असते तर त्या केवळ सोसणारी स्त्री म्हणून उरल्या नसत्या. ज्या कामाने त्यांना नाव दिले ते काम त्यांना ओझे वाटत होते, असा त्याचा अर्थ घ्यावा काय? तसे असेल तर ती उणीवही बोलकी आहे. लक्ष्मीबाई टिळकांकडे दुःखाला हसण्याची जी देणगी होती, तीही येथे नाही. लक्ष्मीबाईंच्या मागे श्रद्धा होती, परतून आलेला पती होता, ऐकणारा समाज होता. हंसाबाईंच्या मागे यांपैकी काय होते? दोन पुस्तकांची तुलना करताना हा हिशेब मांडायला हवा.

एक आठवण सांगणे येथे आवश्यक वाटते. तरुण धर्मगुरू असताना एका रविवारच्या प्रवचनात मी ‘सिनेमातल्या बायका’ असा शब्दप्रयोग करून मोहाविषयी काहीबाही बोललो. मिस्सानंतर एक वृद्ध बाई दाराशी थांबली आणि म्हणाली, “फादर, त्या बायांना तिथं धाडतं कोण, तेबी सांगत जा की.” मी हसून वेळ मारून नेली. ‘सांगत्ये ऐका’ त्यानंतर काही वर्षांनी माझ्या हाती आले, आणि त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात पानोपानी होते. सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे गिरवूनही संमतीचा प्रश्न मला जितका कळला नव्हता, तितका तिला कळला होता.

स्त्रीची कहाणी चुकीची वाचण्याचा दोष केवळ समाजाचा नाही; तो आपल्याही वाट्याला आला आहे. 591 च्या सुमारास पोप थोर ग्रेगरी यांनी एका प्रवचनात मरिया माग्दालेना, बेथानीची मरिया आणि शुभवर्तमानातील ती निनावी पापी स्त्री या तिघींना एकच मानले. त्यानंतर शतकानुशतके पाश्चात्त्य ख्रिस्ती जगताने माग्दालेनेला पतिता म्हणूनच रंगवले. शुभवर्तमानात तिच्याविषयी असे काहीही म्हटलेले नाही. तिच्यातून सात भुते निघाली होती, ती क्रुसापाशी उभी राहिली आणि पुनरुत्थित प्रभूला तिने पाहिले, एवढेच आहे. 1969 मध्ये उपासना-पंचांगाच्या सुधारणेत हा गोंधळ दूर झाला, आणि 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलै या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. एका स्त्रीविषयीचे चुकीचे वाचन दुरुस्त व्हायला चौदा शतके लागली.

संत लूकच्या शुभवर्तमानात चोविसाव्या अध्यायात एक लहानसा उल्लेख आहे. रिकाम्या कबरेपासून परतलेल्या स्त्रियांनी प्रेषितांना सर्व हकीकत सांगितली, पण त्यांना ती बडबड वाटली आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही. ज्यांनी ऐकायचे होते ते प्रत्यक्ष प्रेषित होते, तरीही असे झाले. हंसाबाईंची हकीकत सुवार्ता नव्हे. तसे म्हणणे अतिशयोक्ती होईल, आणि त्यांनाही ते रुचले नसते. परंतु ऐकणाऱ्याचे कर्तव्य दोन्ही ठिकाणी सारखेच आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला मंदिराच्या आवारात आणले गेले, तेव्हा तिच्याबरोबरचा पुरुष कोठे होता, हा प्रश्न योहानाच्या आठव्या अध्यायात कोणीच विचारत नाही. प्रभू मात्र खाली वाकून धुळीत लिहितो आणि दगड घेऊन आलेल्यांना स्वतःकडे पाहायला लावतो. वडीलधारे प्रथम निघून जातात, असे तेथे म्हटले आहे. वय झालेल्या वाचकांनी ते विशेष ध्यानात घ्यावे.

‘सांगत्ये ऐका’ किशोरवयीनांच्या हाती विनाविचार द्यावे असे मी म्हणणार नाही. परंतु लग्नाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुणतरुणींना, त्यांच्या आईवडिलांना, आणि प्रवचन करणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावेसे वाटावे, अशी माझी इच्छा आहे. त्या दिवशी औरंगपुऱ्यातून मी दोन्ही पुस्तके विकत आणली. आमच्या धर्मग्रामाच्या लहानशा ग्रंथालयात ती आता एकाच फळीवर आहेत. ‘स्मृतिचित्रे’ नेणारे पुष्कळ आहेत. दुसरे पुस्तक अलीकडे एका गृहिणीने नेले आणि चार महिन्यांनी परत आणून दिले. त्याला तिने स्वच्छ खाकी कागदाचे वेष्टन घातले होते. तिने काही म्हटले नाही, आणि मीही काही विचारले नाही.